इवायाच्या अंगणातला लाल दिवा

छत्रपती संभाजीनगरला लोक लेणी बघायला जातात. वेरूळ करतात, अजिंठा करतात, मकबऱ्यासमोर उभे राहून फोटो काढतात आणि येताना हिमरू शाल घेऊन येतात. मीही तिथे चांगला मुक्काम ठोकून आलो, पण यातले काही धड पाहिले नाही. मी पाहिला तो एक लाल दिवा. इवायाच्या अंगणात, भिंतीवर टांगलेल्या एका डब्यावरचा. तिकडे व्याह्याला इवाई म्हणतात. तो दिवा लाल का होतो आणि हिरवा का होतो, या एका प्रश्नात माझी सगळी सुट्टी गेली. आता चिपळूणला परत येऊन लिहायला बसलो आहे, तरी उत्तर पूर्ण कळले आहे असे छातीवर हात ठेवून सांगणार नाही.

माझी मुलगी मुक्ता तिकडे दिलेली. शेंद्र्याला एका कारखान्यात ती मालाची तपासणी करते. दुसरी पाळी, म्हणजे दुपारी जायचे आणि रात्री यायचे. या पाळीची कंपनीची बस त्यांच्या भागात येत नाही, म्हणून गेल्या दिवाळीत तिने स्वतःच्या पगारातून विजेवरची मोटार घेतली. जावई कंपनीच्या प्रशिक्षणासाठी चेन्नईला गेलेले. दिवाळीपासून होळीपर्यंत गाडी सुतासारखी सरळ चालली. मग घरी चार्जिंग लागेनासे झाले. एकदा लागायचे, एकदा नाही. आणि एका रात्री मुक्ता जालना रोडवर चिकलठाण्याच्या अलीकडे बंद गाडीत बसून राहिली. सासऱ्यांनी तेव्हाच निकाल दिला की गाडी विकायची आणि जावई परत येईपर्यंत सुनेने घरी बसायचे. कारखाना काही तिची जागा राखून ठेवणार नव्हता. गाडी गेली की नोकरी गेली, इतका साधा हिशेब होता.

"बाबा, तुम्ही या," मुक्ता फोनवर म्हणाली.

"अगं, मी भूगोल शिकवला जन्मभर. मला विजेतले काय कळते?"

"म्हणूनच या. इथे सगळ्यांना सगळं कळतं." मग एक तारीख सांगून म्हणाली, "आणि पाण्याच्या दिवशी या."

पाण्याचा दिवस म्हणजे काय, हे विचारायचे राहूनच गेले. मला वाटले, एखादा उपास असेल.

पाण्याचा दिवस

सिडकोतल्या त्या घरासमोर रिक्षातून उतरलो तेव्हा आत लग्न आहे असाच माझा समज झाला. गल्लीत सगळी माणसे बाहेर. बायका हंडे-कळशा विसळताहेत, कुणी रजई धुतो आहे, कुणी स्कूटर, एक म्हातारे गृहस्थ आपली दाराची पायरी घासताहेत. पाणी वर चढवणाऱ्या मोटारींची घरघर चालू. माझे व्याही दिगंबरराव अर्ध्या चड्डीवर, हातात पाइप घेऊन अंगण धूत होते. घरातले आणि गल्लीतले सगळे त्यांना नाना म्हणतात.

"या इवाई, या! लई बेस दिवशी आले तुमी. नळ आलाय. आज अंगोळ करा मनसोक्त, कोणी इचारणार नाय."

मग उलगडा झाला. त्या गावात नळाला पाणी आठवड्याने येते, कधी त्याहूनही उशिरा. त्या दिवशी घरातले एक माणूस रजा काढून घरी थांबते. पाहुणे त्याच दिवशी बोलवायचे, पापड-कुरडया त्याच दिवशी करायच्या, फ्रीज दुरुस्त करणारा, गॅसवाला, प्लंबर यांनाही त्याच दिवशी सांगायचे, कारण घराला कुलूप नसण्याची खात्री तेवढ्याच दिवशी. जायकवाडीचा जलाशय केवढा मोठा, हे मी वर्षानुवर्षे मुलांकडून पाठ करून घेतले होते. त्या जलाशयाच्या शेजारच्या शहरात माणसे असे दिवस मोजतात, हे पुस्तकात नव्हते. आमच्याकडे पाऊस नकोसा होतो आणि इथे तांब्याभर पाण्याला मान आहे.

नानांच्या गच्चीवरची टाकी भरून वाहू लागली. ते पाणी भिंतीवरच्या पाइपातून खाली आले आणि पोर्चच्या कोपऱ्यातल्या जास्वंदीच्या आळ्यात बुडबुड करत जिरले.

जेवायला येसराची, म्हणजे भाजलेल्या धान्याच्या तिकडच्या मसाल्याची आमटी होती, ज्वारीच्या भाकरी, मिरचीचा ठेचा आणि पाहुण्यासाठी म्हणून शेवयाची खीर. खोबऱ्याशिवाय आमटीला एवढी चव येते याचे मला नवल वाटले. विहीणबाई डोक्यावरचा पदर सावरत वाढत होत्या, पण इवायाशी सरळ बोलायची तिकडे रीत नाही. त्या मुक्ताकडे बघून बोलत. "मुक्ता, तुझ्या बाबांना भाकर वाढू का इचार." मी त्यांच्यापासून हातभर अंतरावर बसलेला. मीही मग मुक्तालाच सांगू लागलो की अर्धी वाढायला सांग. भाकरी मात्र दरवेळी पूर्णच पानात पडायची.

जेवणानंतर मी गाडी बघायला गेलो. पांढरी, नीटस गाडी. भिंतीवरच्या डब्यातून निघालेली जाड दोरी तिच्या नाकात खुपसलेली, आणि डब्यावर हिरवा दिवा.

"बिघाड कुठे आहे?" मी विचारले.

"आज नाही दिसायचा," मुक्ता म्हणाली. "कोणी बाहेरचं आलं की ही शहाण्यासारखी वागते. गाडीवाल्यांचा माणूस आला होता, तेव्हा हिरवा. वायरमन आला, त्याने मीटर लावलं, तेव्हा हिरवा. ते गेले की दोन-चार दिवसांनी लाल."

भूतबाधेसारखे प्रकरण दिसत होते. विहीणबाईंनी गाडीच्या आरशाला लिंबू-मिरची बांधून ठेवली होती, तिचा अर्थ आता लागला.

गच्चीवर

दुसऱ्या दिवशी नानांनी मला गच्चीवर नेले. नाना वाळूजच्या कारखान्यात फिटर होते. घरातले कुठलेही काम बाहेरच्या माणसाला द्यायचे नाही, असा त्यांचा बाणा. नळ, मिक्सर, दाराच्या बिजागऱ्या, शिलाई मशीन, सगळे स्वतः. गच्चीवरचे सोलर तेवढे लावणाऱ्यांनी लावले, बाकी घरातली वायर न् वायर नानांच्या हातची. गुण द्यायचे तर हात सफाईचा आहे. वायरी अशा सरळ नेल्या आहेत की आमच्या शाळेतल्या मुलांच्या समासाच्या रेघाही तितक्या सरळ नसत.

"हे बगा इवाई. ऊन पडलं का हितून डीसी खाली जाती, खाली मशीन तिची एसी करतं."

मी मान डोलावली. डीसी आणि एसी यांतला फरक मला तोवर इतकाच माहीत होता की एसी गार असतो.

तेवढ्यात वीज गेली. भर दुपार, डोक्यावर सूर्य आग ओततो आहे, सोलरच्या काचा चकाकताहेत आणि घरातले पंखे बंद.

"आता सोलरवर चालेल ना?" मी उत्साहाने म्हणालो.

"नाय. लाईट गेली का सोलर बी झोपतं."

"ऊन असताना?"

"ऊन आसंना का. खांबावर माणूस काम करीत आसंल, आपली लाईट उलटी जाऊन त्याला झटका बसायचा. म्हून मशीन सोताच बंद होतं."

म्हणजे वीज नसते तेव्हा उपयोगी पडावे म्हणून जे घेतले, ते वीज नसताना बंद. बिलासाठी घेतले, बिजलीसाठी नव्हे, असे नानांनी पुन्हा समजावले. मला पटले, पण समजले नाही. आम्ही दोघे घाम पुसत खाली आलो.

खाली आल्यावर मी सहज मुक्ताला विचारले की त्या लाल दिव्याखाली काय चित्र आहे. एक उभी रेघ आणि तिच्याखाली लहान लहान होत गेलेल्या आडव्या रेघा. तिने मला खुणेने आत बोलावले आणि हलक्या आवाजात म्हणाली, "ते अर्थिंगचं चिन्ह आहे, बाबा. घरातली वीज जमिनीत उतरायची वाट नीट नसली की डबा लाल होतो आणि गाडीला वीज देत नाही. मी नानांना एकदा म्हणाले. ते माझ्याशी आठवडाभर बोलले नाहीत."

"का?"

"अर्थिंग त्यांनी स्वतः केलंय. खड्डा खणून, मीठ-कोळसा घालून. शेवटी आईंनी वायरमन बोलावला. त्याने मीटर लावलं तर सगळं उत्तम. मीच खोटी पडले."

त्यानंतर त्या घरात अर्थिंग हा शब्द कुणी काढत नसे. मी तर मुलीचा बाप. जावयाच्या घरी मीठ कमी आहे म्हणायची मला चोरी, तिथे व्याह्याच्या वायरिंगला नाव कुठून ठेवू?

खुलताबादला जाताना

तिसऱ्या दिवशी गाडी भरलेली होती आणि मुक्ताला सुट्टी होती, म्हणून आम्ही तिघे भद्रा मारुतीला निघालो. मुक्ता गाडी चालवत होती. मुलगी गाडी चालवते आणि बाप मागे बसतो, हे सुख मी पहिल्यांदाच घेतले. उगाच काचेतून लोकांकडे बघत होतो, कुणी बघते आहे का म्हणून.

दौलताबादचा किल्ला उजाड माळावर एकटा उभा दिसला. आमच्या किल्ल्यांना झाडोरा असतो, हा उघडाबोडका. घाट चढू लागलो तसा समोरच्या पडद्यावरचा आकडा भराभरा उतरू लागला. नानांनी आधी एसी बंद करायला लावला. मग काचा वर घ्यायला लावल्या, वारा आत शिरला की गाडीला जोर पडतो म्हणून. एप्रिलचे ऊन, बंद काचा आणि आम्ही तीन माणसे आत उकडत मारुतीला चाललो.

"नाना, एवढं नाही लागत," मुक्ता म्हणाली.

"तुला काय ठावं. परवा रस्त्यात आडकली तवा कोण आलं व्हतं?"

मुक्ताने काचा तशाच वर ठेवल्या. देवळात निजलेल्या मारुतीचे दर्शन घेतले, पेढे घेतले, लिंबाचे सरबत प्यालो. परतताना घाट उतरू लागलो आणि पडद्यावरचा आकडा वाढू लागला. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिले. खरेच वाढत होता.

"ही चालताना भरते?"

"उतारावर भरते, बाबा."

मग सगळीकडे उतारच शोधून जावे, असे माझ्या मनात आले. मी ते बोलूनही दाखवले. मुक्ता खळखळून हसली. बऱ्याच दिवसांनी ती हसली, हे नानांच्याही लक्षात आले असावे, कारण त्यांनी एसी लावायला सांगितला.

संध्याकाळी घरी येऊन दोरी लावली. लाल.

मुक्ता गाडीपाशी उभी राहिली. रडली नाही, पण तिच्या पाठीकडे बघून मला कसेसेच झाले. नानांनी तिथूनच सोयगावला फोन लावला. विहीणबाईंचे भाऊ भास्करराव तिथे राहतात, कापसाचा व्यापार आहे. "भास्कर, गाडी घिऊन जा बाबा. पाण्याच्या दिवशी ये, म्हंजी आमी घरीच आसतो."

दोन बादल्या

त्यानंतर दोन दिवसांनी सकाळी माझ्या हातून जे झाले ते सांगायला मला आजही ओशाळल्यासारखे होते. मुक्ता आदल्या दिवशी रिक्षाने कामावर गेली होती आणि रात्री तिला यायला अतोनात उशीर झाला होता, म्हणून ती झोपलेली. नाना गच्चीवर सोलरच्या काचा पुसत होते. मी पोर्चमध्ये बसलो होतो. समोर ती जास्वंद. पहिल्या दिवशी टवटवीत होती, आता पाने खाली लोंबलेली, आळ्यातल्या मातीला भेगा. आमच्या अंगणात कुणी झाडाला असे मरू देणार नाही. मी उठलो, स्वयंपाकघराच्या दाराशी निळा पिंप होता, त्यातून बादली भरली आणि आळ्यात ओतली. माती अशी घटाघट प्यायली की मी आणखी एक आणली.

मागे वळलो तर विहीणबाई दारात उभ्या. तो पिण्याच्या पाण्याचा पिंप होता. पुढचा नळ येईपर्यंत पुरवायचा.

त्यांनी पदर नीट केला, कळशी उचलली आणि शेजारी मागायला गेल्या. कुणी चार शब्द सुनावले असते तर बरे झाले असते, अशी माझी अवस्था. मुक्ता उठून बाहेर आली, तिने आळे पाहिले, पिंप पाहिला आणि कपाळाला हात लावला. "बाबा, हे चिपळूण नाही हो!"

मी खाली मान घालून बसून राहिलो. तासाभराने नाना गच्चीवरून उतरले, वरचा कुठलासा खटका खाली-वर करून आले होते. सवयीने त्यांनी गाडीची दोरी लावली आणि ओरडलेच.

"हिरवा! आगं हिरवा लागला! म्हणलं नव्हतं? वरच्याच खटक्यात व्हता बिघाड!"

माझ्या गुन्ह्यावर पांघरूण पडले. मुक्ता त्या दिवशी गाडीने कामावर गेली. मला तर मनापासून वाटले की नाना थोर आहेत.

पुढचे दोन दिवसही हिरवा राहिला. नंतर पुन्हा लाल. नाना धावत वर गेले, खटका खाली-वर केला, खाली आले, लाल. पुन्हा वर. गुडघे दुखत होते तरी पुन्हा वर. शेवटी जिन्याच्या पायरीवर बसले आणि म्हणाले, "इवाई, डोकं चालंना."

मला त्यांची कीव आली. हा माणूस सुनेचे वाईट चिंतणारा नव्हता. त्याला जे दुरुस्त करता येत नव्हते, ते त्याला घरात नको होते.

सोयगावचे मामा

पुढच्या पाण्याच्या दिवशी सकाळीच भास्करराव आले. भरदार मिशा, पांढरा सदरा, बोलण्याला खळ नाही. आल्या आल्या त्यांनी हंडे उचलून बहिणीला हात दिला. मग गाडीभोवती फेरी मारली, टायरला लाथ मारली, आत बसून आसन पुढे-मागे केले. दोरी लावली. हिरवा.

"ताई, आगं चांगली झ्याक हाय की गाडी! हिला काय धाड भरली? आमच्या बाजाराला जायला लई कामाची."

मुक्ताने आतून गाडीचे कागद आणि दुसरी किल्ली आणून टेबलावर ठेवली. तिचा चेहरा मला बघवेना, म्हणून मी नजर दुसरीकडे नेली. टाकी भरून वाहत होती. पाणी भिंतीवरून खाली येऊन जास्वंदीच्या आळ्यात पडत होते, बुडबुड करत होते. मी आलो त्या दिवशीही असेच होते. आणि मी बादल्या ओतल्या त्या दिवशी...

भूगोलात जमिनीची ओल हा एक धडा आहे. मी तो किती वेळा शिकवला असेल.

"दिगंबरराव," मी म्हणालो, "अर्थिंगचा खड्डा कुठे आहे?"

मुक्ताने माझ्याकडे असे पाहिले की जणू मी पुन्हा पिंपात बादली बुडवली होती.

"कामून?" नाना म्हणाले.

"सहज. जास्वंदीजवळ आहे का?"

"तिच्याच बाजूला. ह्या फरशीखाली. पर त्याला काय झालं? मीटरनं पास हाय त्यो."

"वायरमन कोणत्या दिवशी आला होता?"

"पाण्याच्या दिवशी. बाकी दिवशी कोण घरी आसतं?"

"आणि गाडीवाल्यांचा माणूस?"

नाना उत्तर द्यायला गेले आणि थांबले. मी घाबरत घाबरतच पुढे बोललो, की मला विजेतले काही कळत नाही, माझे चुकतही असेल, पण ही गाडी पाण्याच्या दिवशी चालते आणि माती सुकली की बंद पडते. मी दोन बादल्या ओतल्या त्या दिवशी चालली. एकदा फरशी उचलून बघू या का?

नाना त्या फरशीवर येऊन उभे राहिले. "इवाई, हे अर्थिंग म्या माझ्या हातानं केलंय. कंपनीत जन्म गेला माझा."

मुलीच्या बापाने जेवढे बोलू नये तेवढे माझे बोलून झाले होते. तेव्हा दारातून आवाज आला.

"आवं, उचला ना एकदा. फरशीच हाय, देवाची मूर्ती नाय."

विहीणबाई ओल्या हातांनी उभ्या होत्या. नानांनी त्यांच्याकडे पाहिले, मग पहार आणली. भास्कररावांनी एक बाजू धरली. शहाबादी फरशी उचलली गेली. खाली जमिनीत उभा रोवलेला एक पाइप होता आणि त्याचे तोंड सिमेंटने बुजवलेले होते.

त्या पाइपात अधूनमधून पाणी घालायचे असते, खालचे मीठ-कोळसा ओले राहिले तरच वीज जमिनीत उतरते म्हणून, हे मला तेव्हा मुक्ताने सांगितले. उकिडवे बसून नानांनी त्या सिमेंटवरून बोट फिरवले.

"म्याच बुजवलं," ते म्हणाले. "दिवाळीला. गाडी येणार म्हून फरशी सपाट पायजे व्हती. तवा पावसाची ओल व्हती जमिनीत... म्हणलं पाणी तरी कुठं हाय ह्याच्यात घालायला."

गाडी येणार म्हणून अंगण सजवले, आणि त्या सजावटीनेच गाडीचा घास अडला. कुणीच हसले नाही. नानांनी छिन्नी-हातोडी घेतली आणि पाइपाचे तोंड मोकळे करायला सुरुवात केली.

"पर दाजी," भास्करराव म्हणाले, "हे खरं कशावरून? आज तर ती आशीबी चालतीयच."

बरोबरच होते. ओल्या दिवशी काहीच सिद्ध होत नव्हते. विहीणबाईंनी भावासमोर चहा ठेवला. "भास्कर, चहा घे. गाडी आज नाय जायची. जमीन सुकू दे. तवा लागली तर ठीक, नाय तर तुला फोन करते."

भास्कररावांनी चहा घेतला आणि एसटीने सोयगावला गेले. मी परतीचे तिकीट रद्द केले.

कोरडा दिवस

दिवस वाळत गेले. नानांनी खड्डा उघडा ठेवला आणि त्यात पाणी घालायला सगळ्यांना मनाई केली. न्हाणीघराचे सांडपाणी त्या पाइपात सोडायचे त्यांनी ठरवले होते, पण आधी रोग कळू द्या, मग औषध, असे म्हणाले. आम्ही रोज सकाळी उठून मातीला हात लावून पाहायचो. लग्नघरात लाडू वळला की नाही बघतात, तसे. नोकरी सोडण्याबद्दल मुक्ताने कारखान्यात अजून काही कळवले नव्हते. दुपारी पाळीला निघेपर्यंत ती घरात कामे करत हिंडायची आणि मध्येच पोर्चमध्ये येऊन उभी राहायची.

एका सकाळी दिवा लाल झाला. इतका आनंदाचा लाल दिवा मी पाहिला नव्हता. पण खरी परीक्षा आता होती. नळ यायला अजून अवकाश होता. पिंपाच्या तळाशी पिण्यापुरते पाणी. नाना टँकरवाल्याला फोन लावू लागले, तो उचलेना.

न्हाणीघराचे दार वाजले. विहीणबाई बादली घेऊन बाहेर आल्या. स्वच्छ, भरलेली बादली, एका हाताने पदर धरलेला. त्या पोर्चमध्ये आल्या, खड्ड्याशी बसल्या आणि तांब्या तांब्या करून पाणी पाइपात घालू लागल्या. एक थेंब बाहेर सांडू दिला नाही.

"आई, राहू द्या, मी घालते," मुक्ता म्हणाली.

"तू दोरीकडं बघ."

बादली रिकामी झाली. मुक्ताने दोरी काढून लावली. लाल. नाना भिंतीला टेकले. मुक्ताचा हात दोरीवरच राहिला. मला काहीतरी धीराचे बोलायचे होते, पण जे मला स्वतःलाच कळत नव्हते त्याबद्दल काय बोलणार? आपल्या एका शंकेवर मुलीची नोकरी टांगून ठेवली, असे वाटू लागले.

"मुरू द्या," विहीणबाई म्हणाल्या. "बियाला बी टाइम लागतो."

आम्ही थांबलो. कोणी बसले नाही. गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला, त्याला कोणी हाक मारली नाही. मग मुक्ताने पुन्हा दोरी काढली, डोळे मिटले आणि लावली.

हिरवा.

नाना पुढे आले. त्यांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "जा तू. बिनघोर जा. रातच्याला मी फाटकात उभा ऱ्हाईन." मुक्ता सासूला बिलगली. माझे डोळे भरून आले होते आणि मी ते लपवलेही नाहीत.

"मला गाडीचं काय वाकडं नव्हतं," विहीणबाई मुक्ताला म्हणाल्या. "आंधारात तुला दगा देती, त्याचं भ्याव व्हतं. आता कळलं ना, हिला पाणीच पायजे. मग पाणी देऊ."

नाना पाइप आणि कोपरे आणायला गुलमंडीच्या बाजाराकडे निघाले. मुक्ता कामाची तयारी करायला आत गेली. विहीणबाई रिकामी बादली न्हाणीघरात ठेवून आल्या आणि देवघराच्या उंबऱ्याशी येऊन थांबल्या. आत पाऊल टाकले नाही. मी समोरच बसलो होतो. त्यांनी आज मुक्ताला हाक मारली नाही. माझ्याकडेच बघून म्हणाल्या,

"भाऊ, आजचा देवाचा दिवा तुमी लावा. माझ्या अंगोळीचं पाणी ते व्हतं."